शिळं पाणी

मला घाणीची किळस फारशी येत नाही. मेंढरं राखणाऱ्या घरात वाढले मी. लेंड्या, ओली लोकर, नुकतीच व्यालेली शेळी, सगळं या हातांनी उचललंय. मला किळस येते ती आमच्या गल्लीच्या स्वच्छतेची. त्या स्वच्छतेत माझेही हात वीस-बावीस वर्षं कोपरापर्यंत बुडालेले आहेत, म्हणून जरा जास्तच येते.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हळहळतात. कसं बाई भागवता, म्हणतात. त्यांना वाटतं, आम्ही पाणी तुपासारखं वाढून घेत असणार. त्यांनी एकदा पाण्याच्या दिवशी सकाळी यावं आणि आमच्या गटारीकडे बघत उभं राहावं.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यातली गोष्ट. पाणी सोडणारा चावीवाला चौकात दिसला, अशी बातमी आली आणि सासूबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, भांडी मांडायची असतील. त्यांनी मोरीतल्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवून सांगितलं, ओत. पिंप निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. तळ दिसावा इतकं नितळ पाणी. मी विचारलं, कशात ओतू? सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. एवढी साधी गोष्ट न कळणारी सून आपल्याच नशिबी यावी, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"गटारीत की. शिळं झालंय ते. शिळ्यात ताजं मिसळलं की विरजण लागल्यागत सगळंच नासतंय."

आमच्या गावाकडे शिळी असायची ती भाकरी, आणि तीसुद्धा कुणी टाकत नसे. पाणी शिळं होतं हे मी पहिल्यांदा सोलापुरात ऐकलं. गावी आई भांडी आधी राखेनं कोरडी घासायची आणि मग सगळी मिळून एका पातेल्यात विसळायची. अंघोळीच्या दगडाखाली घमेलं असायचं. त्या पाण्यात धुणं भिजायचं आणि धुण्याचं पाणी शेवग्याच्या बुडात जायचं. आमच्या वडिलांनी आयुष्यात कुणाला फारसं रागावलेलं मला आठवत नाही, पण पिऊन उरलेला अर्धा तांब्या जो अंगणात भिरकावेल त्याच्याशी ते दिवसभर बोलत नसत. एकदा माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. अशा घरातून आलेल्या मुलीनं ते पिंप आडवं केलं. पाणी उंबऱ्याजवळच्या गटारीत धबधबा गेलं आणि सासूबाई म्हणाल्या, आता काथ्यानं घास.

हे खूळ एकट्या आमच्या घरचं असतं तर मी सासूबाईंच्या माथी मारून मोकळी झाले असते. पण आमच्या गल्लीत कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दख्खनी, कुणी मराठी. कुठल्याही गोष्टीवर एकमत म्हणून होत नाही. गणपतीचा मांडव कुठे घालायचा यावर दरवर्षी भांडण. या एका बाबतीत मात्र सगळी गल्ली एका जिवाची. पाणी सुटायच्या आधी घराघरातून पिंपं, घागरी, कळशा गटारीवर पालथ्या व्हायच्या. मग मोटरी लागायच्या. मोटर थेट नळाला लावायची, पाणी खेचायचं, आणि तपासायला कुणी आलं की तिच्यावर पोतं टाकून त्यावर आजीबाईला बसवायचं. सगळं भरून झालं तरी नळ वाहतच असे, कारण निम्म्या घरांच्या नळाला तोटीच नाही. मग त्या पाण्यानं गाड्या धुवायच्या, पायऱ्या धुवायच्या, आणि अगदीच काही सुचलं नाही तर धूळ बसावी म्हणून डांबरी रस्ता धुवायचा. मे महिन्यात डांबरावर पाणी ओतणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, तसं मी देवळातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

पहिल्या वर्षी ओतताना मी डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी ते बंद झालं. पाचव्या-सहाव्या वर्षी मी माझ्याच मुलांवर ओरडत होते, की पाणी सुटेल, आधी पिंप ओता. माणूस किती लवकर निर्ढावतो हे सांगायला मला दुसऱ्या कुणाचं उदाहरण शोधावं लागत नाही.

आता गल्लीच्या टोकाच्या घराविषयी सांगते. तिथे आम्ही सगळे जिला खाला म्हणतो ती आणि तिचा नवरा अशी दोघंच राहायची. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. नवऱ्याला आम्ही चाचा म्हणत असू. चाचा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर खाला कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे आणून घरी काठ शिवायला लागली. नळाची पाइपलाइन चौकातून सुरू होते आणि खालाच्या दारात संपते. गटारही चौकाकडूनच उतरतं आणि खालाच्या दारावरून पुढे जातं. म्हणजे पिण्याचं पाणी त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचायचं आणि सांडपाणी मात्र सगळ्यांचं मिळून यायचं.

त्यांच्याकडेही कधीकाळी मोटर होती. ज्या वर्षी रिक्षातून भोंगा फिरला, की नळाला मोटर लावाल तर जप्त करू, त्या वर्षी गल्लीत सगळ्यांनी पोती आणली आणि एकट्या चाचांनी मोटर काढून माळ्यावर टाकली. भीतीनं नाही. पुढे खालानंच मला सांगितलं, की मोटरीनं खेचलेलं पाणी दुसऱ्याच्या तोंडचं असतं आणि असल्या पाण्यानं नमाजाआधीचा वजू होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना वजू करताना कितीदा पाहिलंय. उंबऱ्याशी पाटावर बसायचे, तोटीच्या एका लोट्यात हात, तोंड, पाय सगळं उरकायचे, आणि पाणी पडायचं ते मेंदीच्या कुंडीत. लोट्यात थोडं उरायचंसुद्धा. तीच आमच्या गल्लीतली एकमेव हिरवी मेंदी.

तीन वर्षांपूर्वी चाचांना लकवा झाला आणि ते अंथरुणाला खिळले. बोलणं गेलं, एक बाजू गेली. समज मात्र लख्ख होती आणि सगळी पंचाईत तिथेच होती. नमाजाची वेळ झाली की ते डोळ्यांनी खालाला खुणावायचे. पडल्या पडल्या, डोळ्यांनी नमाज पढता येतो. पण अंग आणि कपडे पाक हवेत. आणि अंथरुणातल्या माणसाचे कपडे दिवसातून किती वेळा खराब होतात हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. खाला त्यांच्या अंगाखालचे दुपट्टे धुवायची, वाळवायची, पुन्हा धुवायची. पाणी संपलं की चाचा तसेच पडून राहायचे, आणि अजान झाली की तोंड भिंतीकडे फिरवायचे. चौकातला हापसा कधीच मोडून गेला होता. गल्लीच्या मोटरी थांबल्या की शेवटची दहा-पंधरा मिनिटं खालाच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. तेवढ्यावर पाच दिवस.

एक दिवस खाला माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. मातीनं वजू चालतो, तेवढी सवलत आहे, असं तिनं सांगितलं. पण घाण झालेल्या दुपट्ट्याला माती चालत नाही. तुम्ही पाण्याच्या दिवशी जे ओतता ते मला द्याल का, ओतायच्या आधी मी येऊन नेत जाईन, असं तिनं विचारलं. ती पाणी मागत नव्हती. आम्ही जे फेकतो ते मागत होती. मी कशाला नाही म्हणणार? मी हो म्हटलं आणि लगेच सासूबाईंची परवानगी काढायला आत गेले, याची आज लाज वाटते.

सासूबाई म्हणाल्या, शिळं पाणी दुसऱ्याला दिलं तर आपल्यालाच नाव ठेवतील. ओतून टाकलं तर कुणी नाव ठेवत नाही, हे त्यांच्या हिशेबात बरोबर बसत होतं. त्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उजनीत हे पाणी गेल्या पावसाळ्यापासून साठलेलं आहे, मग नळात आलं की ताजं कसं होतं? शंभरेक किलोमीटर पाइपातून येतं, टाक्यांमध्ये मुक्काम करतं, आपल्या पिंपात चार दिवस राहिलं म्हणून लगेच बिघडलं? त्या म्हणाल्या, धरणाचं धरणापाशी. मग पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दोन तांबे भरून आणले. एकात चार दिवसांपूर्वीचं, झाकून ठेवलेलं, एकात त्याच दिवशीचं. म्हटलं, ओळखा. त्यांनी दोन्ही तांब्यांतलं पाणी चाखलं, चार दिवसांपूर्वीच्या तांब्यावर बोट ठेवलं आणि हे ताजं, बघ कसं गोड लागतंय, म्हणाल्या. मी खरं सांगितल्यावर दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. पण खालाला पाणी मिळायला लागलं.

साताठ महिने हे नीट चाललं. खाला सकाळीच दोन घागरी घेऊन यायची, चार खेपा करायची, पिंप रिकामं व्हायचं. खेप नेताना ती एकदा मला म्हणाली, की आज चाचांनी पाची वेळा नमाज पढला. तिचा चेहरा सणाच्या दिवशीसारखा झाला होता. गल्लीतल्या बाकीच्या बायांनाही मी सांगून पाहिलं, की निदान टोकाच्या दोन-तीन घरांनी तरी त्यांचं द्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या घागरी नेहमीप्रमाणे पालथ्या झाल्या. पाणी द्यायचं म्हणजे खाला वारंवार दारात येणार, मग तिच्याशी बोलायला लागणार, आत रुग्ण कसा आहे विचारायला लागणार. ओतणं सोपं.

आणि मग मी काय केलं ते सांगते, कारण गल्लीला नावं ठेवण्याचा माझा हक्क कितपत आहे हे कळायला हवं.

सासूबाईंचे गुडघे गेल्यामुळे तोवर पाण्याचं सगळं माझ्याकडे आलं होतं. मला सांगणारं कुणी नव्हतं. आदल्या दिवशी मी खालाला म्हटलं होतं, या वेळी पिंप जवळजवळ भरलेलंच आहे, उद्या दहाला या. पाणी दुपारी सुटायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि साडेआठलाच गल्लीत ओरड झाली, पाणी आलं. गल्लीच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये निरोपही येऊन पडला होता, मी पाहिला नव्हता. शेजारी मोटरीची घरघर सुरू झाली. मी पिठाच्या हातानं धावत मोरीत गेले, मोटरीचं बटण दाबलं आणि पिंप आडवं केलं.

अर्धं गेल्यावर मला खाला आठवली. मी पिंप तसंच धरून उभी राहिले. अर्धं अजून शिल्लक होतं. थांबता येत होतं. घरात रिकाम्या घागरी होत्या, दोन बादल्या होत्या. पण मोटर चालू होती, पाइप मोरीतल्या हौदात उड्या मारत होता, पिंप घासायचं होतं, आणि उरलेलं अर्धं पाणी मध्येच अडचण होऊन बसलं होतं. मी उरलेलंही ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. माझं मीच केलं. मग काथ्यानं पिंप घासलं, भरलं, आणि पायरीवर पाणी मारायला बाहेर आले.

गल्लीच्या टोकाला खाला गटारीच्या कडेला उकिडवी बसली होती. गल्लीभरच्या पिंपांचं पाणी तिच्या पुढ्यातून जोरात वाहत होतं. ती मगानं ते वरच्यावर उचलून दुपट्टा खळबळत होती. आमच्या घरांतून निघताना ते आरशासारखं होतं. तिच्यापाशी पोचेपर्यंत त्यात मोऱ्यांचं खरकटं आलेलं, पोरांचं आलेलं, कोंबडीच्या दुकानाचं आलेलं. मी धावत गेले. खाला, ते गटारीचं आहे, एवढंच म्हणाले, जणू काही तिला ते दिसत नव्हतं.

"तुमचं पानी चांगलंच असतंय बेटी," ती खाली बघतच म्हणाली. "हितं येईस्तोवर घाण हुतंय."

टोमणा नव्हता तो. ती मला समजावत होती. मी घरी येऊन मोटर बंद केली, की तिच्याकडे तरी धार जाईल. कसली जाते. शेजारच्यांच्या पिंपात धार वाढली, त्यांनी मला हात करून दाखवलंसुद्धा, की आज मस्त प्रेशर आहे. मग मी भरलेल्या पिंपातून दोन घागरी नेऊन दिल्या. खालानं त्या घेतल्या. पण तो दुपट्टा गटारीतल्या पाण्यातून काढलेला होता, तो पाक नव्हता, पुन्हा धुऊन वाळेपर्यंत वेळ टळून गेली, आणि त्या दिवशी चाचांनी दुपारच्या अजानला तोंड भिंतीकडे केलं. मी दारात उभी होते. मला ती वळवलेली मान दिसली.

त्यानंतर मी पिंप ओतलं नाही, आजतागायत नाही. नळाला तोटी बसवली. हौदाला झाकण केलं. खालाला दर वेळी मीच पोचवत गेले. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. घाण केल्यावर हात धुवावे लागतात, तेवढंच ते.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. सकाळीच गेले, आणि तो दिवस पाण्याचा नव्हता. पाणी दोन दिवसांनी येणार होतं. मय्यताला अंघोळ घालायची तर पाणी लागतं आणि ते भरपूर लागतं. मशिदीतून माणसं आली होती, त्यांच्यातल्या एकानं गल्लीत येऊन नुसतं विचारलं, थोडं पाणी मिळेल का.

मी या गल्लीत इतकी वर्षं राहतेय, पण असं कधी पाहिलं नाही. घराघरातून बाया घागरी घेऊन निघाल्या. तेलुगू आजी एका हातात कळशी घेऊन भिंतीला धरत आली. ज्यांनी माझ्यापुढे नुसत्या माना डोलावल्या होत्या त्या सगळ्या आल्या. गाडी धुणारा स्वतःच्या हातानं पिंप ढकलत घेऊन आला. खालाच्या दारापासून अर्ध्या गल्लीपर्यंत भांडी लागली. सगळं तीन दिवसांपूर्वीचं पाणी. त्या दिवशी ते शिळं आहे की ताजं, हे एकानंही काढलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळ्यांना आपण किती चांगले आहोत असं वाटत होतं. मला त्या चांगुलपणाची किळस आली. मी तोंडाला पदर लावला आणि लोकांना वाटलं, रडते आहे.

पुरुषांनी आत चाचांना अंघोळ घातली. डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा पुन्हा, जशी घालायची तशी. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगावरून इतकं पाणी गेलं असेल. मग त्यांना नेलं.

दुपारनंतर लोक आपापली भांडी न्यायला आले. निम्म्याहून जास्त भांड्यांना हातसुद्धा लागला नव्हता. पण मौतीच्या दारात ठेवलेलं पाणी परत घरात कसं न्यायचं? आधी एकीनं कळशी गटारीवर पालथी केली. मग दुसरीनं. मग घागरी, मग बादल्या, मग ते पिंप. तिथल्या तिथे, खालाच्या उंबऱ्यासमोर. पाणी मेंदीच्या कुंडीला वळसा घालून खाली गेलं.

खाला आतून बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. गटार वाहायचं थांबलं. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं,

"एवढं पानी हुतं व्हय गल्लीत?"

होतं म्हणाले.

तिनं मान हलवली. माझी घागर अजून तिच्या दाराशी तशीच भरलेली होती. ती मी तुम्हालाच ठेवून जाते, असं म्हणून मी उठले, तर तिनं माझा हात धरला.

"न्या बेटी. आता मला लई लागत न्हाई."